अक्षर दिसावं की मजकूर?

महाड तालुक्यातलं सव हे सावित्रीकाठचं गाव गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखलं जातं. अक्षरांसाठी त्याचं नाव कोणी घेत नाही. पण महाड-पोलादपूरच्या या टापूत लेण्यांतली ब्राह्मी आहे, तांब्याच्या नाण्यावरची देवनागरी आहे, सत्याग्रहाचे फलक इथे उभे राहिले आणि आज महामार्गाच्या दुतर्फा फ्लेक्सची जत्रा भरलेली असते. चांगल्या ग्राफिक डिझाइनला दाद कशी द्यावी, यावर वाद घालायला ही जागा सोयीची आहे. इथे वाद घालणारे दोघे कल्पित आहेत: सवचे एक मामा, ज्यांनी महाडच्या बाजारपेठेपासून पोलादपूरच्या नाक्यापर्यंत दुकानांचे बोर्ड रंगवले, आणि त्यांची भाची, जी मुंबईत फॉन्ट तयार करते. त्यांच्या बोलण्यात येणारी नामवंत माणसं, वर्षं आणि जुनी अक्षरं मात्र खरी आहेत.

मामा : तू ठेवून गेलेलं पोस्टरांचं जाड पुस्तक पाहिलं. पोलंडची, स्वित्झर्लंडची, जपानची पोस्टरं. देखणं आहे सगळं. पण खरं सांगू? कमल शेडग्यांची नाटकाची एक जाहिरात या अख्ख्या पुस्तकाला भारी पडेल. वर्तमानपत्राच्या पानात इतर जाहिरातींनी चेंगरलेली, रंग म्हणाल तर फक्त काळा. तरी नजर आधी तिथेच जायची.

भाची : शेडग्यांपुढे मीही हात जोडते. पण ते आवडतात म्हणजे नेमकं काय आवडतं, ते सांगा.

मामा : नाटकाचं नाव वाचताच कळायचं, हे हसवणार, रडवणार की रात्री झोप उडवणार. माणूस १९५५ मध्ये टाइम्समध्ये लागला, 'महाराष्ट्र टाइम्स'चं शीर्षक त्याच्या हातचं, शेकडो नाटकांची नावं त्यानं काढली. एका नावाचं वळण दुसऱ्याला लावलं नाही. मी मुंबईत बोर्ड रंगवायचो तेव्हा त्या जाहिराती कापून वहीला चिकटवायचो. माझी शाळा तीच. आता तू सांग, तुझ्या फॉन्टची अशी कात्रणं कोणी काढून ठेवतं?

भाची : नाही ठेवत, आणि ठेवूही नयेत. माझ्या फॉन्टमध्ये छापलेली गोष्ट एखाद्यानं एका बैठकीत वाचून संपवली आणि अक्षर कसं होतं ते त्याला आठवलंच नाही, तर माझं काम झालं. मामा, तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. १९७३ पासून ते महाराष्ट्रात घरोघरी आहे. मामी रोज त्याच्याकडे बघतात. 'काय मांडणी आहे!' असं कधी म्हणाल्या?

मामा : कॅलेंडरला कोण दाद देणार?

भाची : तेच तर माझं दुखणं आहे. त्या एका चौकटीत काय काय राहतं बघा. लांबून दिसणारी तारीख, जवळ गेल्यावर वाचायची तिथी आणि नक्षत्र, सणाचं नाव, संकष्टीला चंद्रोदयाची वेळ. रविवार लाल. एवढं असूनही दुधाचा हिशेब लिहायला कोपरा शिल्लक. चष्मा न लावता म्हाताऱ्या आजीला तारीख दिसते आणि चष्मा लावला की तिथी. दोन वेगळ्या अंतरांवरून वाचायचा मजकूर एकाच चौकटीत बसवणं पोस्टर काढण्याइतकंच अवघड आहे. पण ते जमलं की कोणाच्या लक्षात येत नाही, आणि फसलं तरच बोलतात.

मामा : म्हणजे तुझ्या मते उत्तम काम ते, जे दिसत नाही.

भाची : हे माझ्या आधी बिआट्रिस वॉर्ड नावाच्या बाईंनी १९३० मध्ये लंडनच्या एका व्याख्यानात सांगून ठेवलंय. त्यांनी विचारलं, उंची मद्य तुम्ही सोन्याच्या नक्षीदार प्याल्यात घ्याल की पातळ काचेच्या? ज्याला मद्याची पारख आहे तो काचेचा घेईल, कारण आतलं दिसतं. छपाईचं अक्षर त्या काचेसारखं असावं.

मामा : बाईंना आपल्या झऱ्यावर आणायला हवं होतं. काचेच्या पेल्यात सवचं पाणी भरलं तर ते कढत आहे की गार, हे बघून कळेल? ते सांगायला पेल्यावर काहीतरी लिहावं लागेल, आणि ते लिहिलेलं दिसावं लागेल. शांतपणे पुस्तक उघडून बसलेला माणूस तुझा. माझा माणूस एसटीच्या खिडकीतून बघतो, एक हात दांडीला, मांडीवर पोर. त्याला माझा बोर्ड दिसलाच नाही तर आतला मजकूर किती का चांगला असेना.

भाची : बोर्डापुरतं मान्य. पण बोर्डाचा नियम तुम्ही सगळ्या अक्षरांना लावता. तुमच्या वहीत निर्णयसागरचं एखादं पान चिकटवलंय का?

मामा : निर्णयसागर म्हणजे पंचांगवाले?

भाची : पंचांग, संस्कृत ग्रंथ, मराठी पोथ्या, काय काय छापलं त्यांनी. जावजी दादाजी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायला लागले. त्या घासण्यातून खिळ्याची नस कळली. १८६४ मध्ये त्यांनी खिळे ओतायचा स्वतःचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. त्यांच्यासाठी अक्षरं कोरली राणोजी रावजी आरूंनी. पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकायचं, त्या साच्यात शिसं ओतायचं. ज्ञानेश्वरीच्या ओवीएवढ्या मजकुरात वेलांट्या, मात्रा, रफार, जोडाक्षरं किती येतात ते मोजा, म्हणजे इंग्रजीच्या मानानं हे काम किती पटींनी मोठं होतं ते कळेल. आरूंचं नाव आज किती जणांना माहीत आहे? पण मराठी डोळ्याला छापील 'अ' कसा असतो, याची सवय ज्यांनी लावली, त्यांत हा माणूस आहे.

मामा : उलटं कोरायचं म्हणतेस. काचेवर आतल्या बाजूनं नाव रंगवताना मलाही उलटं लिहावं लागायचं. तेवढ्यानंच घाम फुटायचा.

भाची : मग तुम्हाला त्यांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळायला हवी.

मामा : कळते गं. पण ती कारागिराची किंमत झाली. दाद म्हणजे छातीत काहीतरी हललं पाहिजे. महाडजवळच्या गांधारपाल्याच्या लेण्यांत शाळेतली पोरं घेऊन मी जायचो. तिथला लेख कुमार काणभोज विष्णुपालिताच्या दानाचा आहे म्हणतात. मला ब्राह्मी येत नाही. पण ती अक्षरं बघत राहावीत अशी आहेत. एक शब्द न वाचता आवडली. मजकूर कळलाच नाही, अक्षरच दिसलं. तुझ्या हिशेबानं तो लेख नापास.

भाची : तुमच्यापुरता नापासच. ज्यांच्यासाठी कोरला त्यांना तो वाचता येत होता. आपल्याला वाचता येत नाही म्हणून आपण आकार बघतो. परदेशी पोस्टरांचं पुस्तक चाळताना हाच धोका असतो. पोलिश येत नाही, तिकडच्या नाटकाचं नाव कळत नाही, म्हणून नुसती चित्रं आणि वळणं चांगली वाटतात. काय साधायचं होतं ते माहीतच नसेल, तर साधलं की नाही हे कसं सांगणार?

मामा : हां. हे पटलं. पण मग निदान असं तरी कबूल कर की आकार बघणं ही पहिली पायरी आहे. पोर आधी आकार बघतं, मग वाचायला शिकतं.

भाची : पहिली पायरी कबूल. अडचण तिथेच बसून राहणाऱ्यांची आहे.

मामा : पायऱ्यांचं काढलंस म्हणून सांगतो. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर काय कोरलंय? 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर'. गड बांधणाऱ्या माणसाची सही. एका ओळीत नाव, काम आणि नातं. ते वाचताना माणसं वाकतात. कुठल्या पोस्टरानं कोणाला वाकवलंय?

भाची : बघा, तुम्ही माझंच बोलताय. त्या ओळीत वळणाची करामत कुठे आहे? साधी कोरीव अक्षरं. ताकद आहे ती जागेत. शिलालेख भिंतीतही आहे, पण हे नाव पायरीवर ठेवलं. कुठे लिहायचं हा निर्णय आहे, आणि डिझाइन म्हणजे असे निर्णयच.

मामा : आणि शिवराई? तीही साधीच म्हणशील?

भाची : शिवराईवर मी तासभर बोलू शकते. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति', भोवती ठिपक्यांची माळ. ना मुखवटा, ना तलवार, ना सिंह. ज्या काळात आजूबाजूच्या बहुतेक नाण्यांवर फारसी लिहिलेली असायची, त्या काळात तांब्याच्या चकतीवर नुसती देवनागरी अक्षरं ठेवायची! आजच्या भाषेत लोगो म्हणतो तो हाच. शिवाय ठसे हातानं कोरलेले, त्यामुळे शिव, शीव, सीव असे नाना पाठ सापडतात. चकती ठशाखाली सरकली की एखादं अक्षर कडेला कापलं जायचं. तरी बाजारात कोणी नाणं नाकारलं नाही. तीन ओळींची रचनाच इतकी पक्की की दीड अक्षर उडालं तरी ओळख पटायची. पुढे पेशवाईतही लोक शिवराईच म्हणत राहिले, दुदांडी शिवराई निघाली.

मामा : म्हणजे दिसणारं आणि न दिसणारं यातलं शिवराई कुठलं?

भाची : तिथे मी अडते.

मामा : मी सांगतो. पहिल्या दिवशी दिसणारं. राज्याभिषेकानंतर ज्याच्या हातात पहिली शिवराई पडली असेल, त्यानं ती उलटून-पालटून पाहिली असणार. आपला राजा, आपलं अक्षर. दहा वर्षांनी तोच माणूस न बघता ती कनवटीला लावत असणार. चिन्ह आधी दिसतं, मग मुरतं. मुरल्यावर दिसेनासं होतं.

भाची : हे छान सांगितलंत. रुपयाच्या चिन्हाचंही तेच झालं. १५ जुलै २०१० ला मंत्रिमंडळानं डी. उदय कुमारांचं चिन्ह निवडलं. पवईच्या आयआयटीत, औद्योगिक रचना केंद्रात त्यांचं संशोधन चाललं होतं. देवनागरी 'र', त्यात रोमन 'आर'चा भास, वर शिरोरेघ आणि खाली समांतर दुसरी रेघ. आठवतं, सगळे कागदावर काढून बघत होते? आता भाजीवाल्याच्या पाटीवर ते खडूनं काढलेलं असतं आणि तिकडे कोणी बघतही नाही. सगळे भाव बघतात.

मामा : मग भांडण मिटलं का?

भाची : नाही. कारण मुरायला लायक चिन्ह कुठलं आणि नुसतं डोळ्यात घुसणारं कुठलं, हे पहिल्याच दिवशी ओळखता आलं पाहिजे. तुमच्या पद्धतीनं ते ओळखता येत नाही. महामार्गावरचा वाढदिवसाचा फ्लेक्सही दिसतोच की. गॉगल घातलेला एक मोठा चेहरा, वर नेत्यांचे गोल, खाली शुभेच्छुकांच्या टिकल्या. नजर जाते म्हणून तो चांगला?

मामा : फ्लेक्सचं नाव माझ्यासमोर काढू नकोस. माझी रोजी खाल्ली त्यानं. पत्र्यावर प्रायमर मारा, वाळू द्या, खडूची दोरी मारून ओळी आखा, मग इनॅमलनं अक्षर. दोन दिवस जायचे. आता तासाभरात छापून टांगतात. २०२१ च्या जुलैच्या पुरात महाडच्या बाजारपेठेत चिखल होता. पत्र्याचे बोर्ड धुतले, नाव खालून वर आलं. फ्लेक्स गुंडाळून फेकावे लागले.

भाची : टिकाऊपणाचा मुद्दा खरा. पण फ्लेक्स वाईट दिसतो याला यंत्र जबाबदार नाही. दोन दिवस लागायचे तेव्हा तुम्ही आखणी करताना विचार करत होतात. आता अक्षर माऊसनं ओढून रुंद करतात. आडवं ओढलं की उभे दंड जाड होतात आणि शिरोरेघ होती तेवढीच बारीक राहते. अक्षर सुजल्यासारखं दिसतं. फॉन्ट बिघडत नाही, त्याला बिघडवतात.

मामा : आता तर कायदाही झाला ना पाट्यांचा?

भाची : झाला. २०२२ च्या दुरुस्तीनं लहान दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान चालणार नाही असं ठरलं. २५ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली. मग घाईघाईनं पाट्या बदलल्या. आकार कायद्याप्रमाणे झाला, पण वळण, अंतर, जागा यांचं कलम कायद्यात बसत नाही. ते ज्याचं त्यानं बघायचं.

मामा : आणि 'ल', 'श' बघितलेस? माझ्या बोर्डावर पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' असायचा. नव्या पाट्यांवर हिंदी वळणाचे येतात.

भाची : ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हेच प्रमाण धरलेत. चांगला फॉन्ट करणारा दोन्ही वळणं भरून ठेवतो. तसाच 'दऱ्या'तला र. 'सूर्या'चा रफार डोक्यावर जातो, 'दऱ्या'चा र अक्षराच्या पोटाशी आडवा बसतो. मराठी फॉन्टनं तो नीट दिला नाही तर सह्याद्रीच्या दऱ्या लिहिताच येणार नाहीत. हे काम करणाऱ्याला टाळ्या पडत नाहीत. पण शब्द चुकला की सगळ्यांना खुपतो.

मामा : मी तुझ्या कामाला कमी म्हटलं नाही, बाय. मला एवढंच वाटतं की तुम्ही लोक अक्षरातला जीव घाबरत घाबरत काढून टाकता. सगळं गुळगुळीत.

भाची : र. कृ. जोशी ठाऊक आहेत ना? विंडोजबरोबर येणारा 'मंगल' फॉन्ट त्यांच्या हातचा. सरकारी पत्रं, सातबारा, परिपत्रकं, किती कागद त्या अक्षरात लिहिले गेले असतील! कोणी 'वा' म्हणालं नाही. तोच माणूस सुलेखन करायचा, अक्षरांची चित्रं व्हावीत अशा कविता करायचा, जाहिरातीत नोकरी करायचा, आयआयटीत शिकवायचा. कार्यालयाच्या पत्राला वेगळं अक्षर आणि कवितेला वेगळं. एका हातात दोन्ही होतं.

मामा : त्यांचे शिष्य पालव.

भाची : अच्युत पालव. मोडीचा अभ्यास करून त्यांनी तिचा वेग आपल्या ब्रशात आणला. २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेघा ओढून घ्यायचा आणि मग बोरू फारसा न उचलता अक्षरं टांगत जायचा. ती कारकुनी सोय होती. आज पालवांच्या हातात तीच चाल रंगमंचावर चढते. तुमचं म्हणणं उलट्या दिशेनंही खरं ठरतं: मुरलेलं पुन्हा दिसायला लागतं.

मामा : म्हणजे प्रश्न दिसण्या-न दिसण्याचा नाहीच.

भाची : मग कसला?

मामा : प्रसंगाचा. सांगतो. उमरठ आपल्या शेजारच्या पोलादपूर तालुक्यात, तानाजीचं गाव. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' काढला. मूकपट. ते मुळात पेंटर, आपल्या चित्रपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. आवाज नाही तर लोकांना थिएटरात आणायचं कसं? भिंतीवरच्या चित्रालाच ओरडावं लागायचं. तिथे तुझी काच चालली नसती.

भाची : मान्य. आता माझा प्रसंग घ्या, आपल्या महाडचाच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, फत्तेखान यांनी दिलेल्या जागेत, मनुस्मृती जाळली. दहनासाठी केलेल्या वेदीच्या तीन बाजूंना फलक होते. एकावर 'मनुस्मृतीची दहनभूमी' असं लिहिलं होतं.

मामा : हा तर माझा प्रसंग झाला. फलक! मंडपात हजारो माणसं, लांबून दिसायला हवं. दोन शब्द, बास.

भाची : थांबा. तळ्याचं पाणी घेतल्यावर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिल १९२७ ला, बाबासाहेबांनी 'बहिष्कृत भारत' हे पाक्षिक सुरू केलं. त्यातले मोठमोठे लेख त्यांनी स्वतः लिहिले. महाडला काय घडलं, का घडलं, विरोधकांच्या आक्षेपांना उत्तर काय, हे सगळं तिथे बारीक टाइपात, कॉलमामागून कॉलम. ते दिव्याच्या उजेडात कोणीतरी मोठ्यानं वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे, अशी आपल्याकडची पद्धत. त्या अक्षरानं वाचणाऱ्याला अडखळवलं असतं तर मुद्दा अर्ध्यात तुटला असता. फलकानं सांगितलं इथे काय होतंय, आणि पाक्षिकानं सांगितलं ते का. फलकाचं अक्षर पाक्षिकात घातलं तर दुसऱ्या परिच्छेदाला डोकं दुखेल, पाक्षिकाचं फलकावर घातलं तर पुढच्या रांगेलाही दिसणार नाही.

मामा : म्हणून म्हटलं, प्रसंग. किती लांबून, किती वेळ, कोण वाचणार.

भाची : आणि वाचून त्यानं काय करायचंय. हे चार प्रश्न विचारल्याशिवाय पोस्टर असो, लोगो असो की फॉन्ट, 'मस्त' म्हणायचं नाही. त्यांची उत्तरं जुळली की मग बघायचं, करणाऱ्यानं गरजेपेक्षा जास्त काही दिलंय का. शेडग्यांचं अक्षर चारही प्रश्नांना पुरून उरतं, आणि वर नाटकाचा रंग देतं. ते वरचं जे आहे ना, तिथे तुमचं छातीत हलणं येतं.

मामा : क्रम उलटा आहे माझा. आधी हलतं, मग मी प्रश्न विचारतो.

भाची : चालेल. विचारले म्हणजे झालं.

मामा : मग एक परीक्षा घेऊ तुझी. झऱ्याजवळ बोर्ड लावायचा असं समज. मी रंगवणार. तू सांग कसा.

भाची : कोण वाचणार?

मामा : सांधे धरलेली म्हातारी माणसं, अंगाला खाज असलेली, सहलीची पोरं. मुंबईहून रायगड बघायला आलेले, वाटेत थांबलेले.

भाची : किती लांबून?

मामा : दोन बोर्ड लागतील. रस्त्यावरचा धावत्या गाडीतून, पाण्याजवळचा चार पावलांवरून.

भाची : रस्त्यावरच्यावर फक्त 'सव' आणि बाण. गावाचं नाव आपल्या फायद्याचं आहे बघा. दोन अक्षरं, वर मात्रा नाही, खाली उकार नाही. सगळी उंची अक्षराला मिळते.

मामा : हे तू मला शिकवू नको. 'सव' आणि 'महाड' लिहिताना पेंटर खूष असतो. 'पोलादपूर' आलं की वर मात्रेला जागा सोड, खाली ऊकाराला सोड, अक्षर आपोआप लहान. त्याखाली दुसरी ओळ असली तर ऊकार तिच्या वेलांटीवर आपटतो. म्हणून मी 'पोलादपूर' नेहमी शेवटच्या ओळीत घ्यायचो.

भाची : हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार. ओळींमधलं अंतर शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही.

मामा : रंग?

भाची : पिवळ्यावर काळं. वीर स्टेशनचा बोर्ड बघा, पावसात, धुक्यातही वाचता येतो. पाण्याजवळ थंडीच्या पहाटे वाफ असेल, तिथेही तेच.

मामा : मला लाल हवा होता. पाणी कढत आहे, इशारा आहे.

भाची : लाल फक्त एका शब्दाला द्या. 'पाणी कढत आहे' मोठं, त्यातलं 'कढत' लाल. खाली 'आधी हात लावून पाहा'. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी हाताचं आणि वाफेचं चित्र. निवडणुकीची चिन्हं याच हिशेबानं आली. लिहिता-वाचता न येणाऱ्याला सायकल, कंदील ओळखता आला पाहिजे.

मामा : हात मी काढतो. आणि 'कढत' शब्दाला थोडी वाफेची वळणं देऊ का, वरच्या बाजूला?

भाची : नको. इशाऱ्यात नक्षी आली की माणूस थांबून नक्षी बघतो.

मामा : शिरोरेघेवर नुसत्या तीन बारीक रेघा. अक्षराला हात लावत नाही.

भाची : ... तीन चालतील. त्या शब्दाचा अर्थच सांगतायत. ज्याला 'कढत' वाचता येत नाही त्यालाही कळेल.

मामा : बघ, काचेला जरा वाफ लागली.

भाची : लागू दे. पण कोपऱ्यातली तुमची पेंटर म्हणून सही नको. बोर्ड वाचणाऱ्याचा असतो, रंगवणाऱ्याचा नाही.

मामा : हे नाही चालायचं. हिरोजीनं नाव घातलं, मी का नको?

भाची : त्यांनी पायरीवर घातलं. सगळ्यात खाली.

मामा : मीही खालीच घालीन, दोन बोटं उंचीचं. बढाईसाठी नाही. उद्या रंग उडाला, बाण चुकीच्या बाजूला लागला, कोणाला भाजलं, तर विचारायला माणूस सापडला पाहिजे. फ्लेक्सवर दहा जणांचे चेहरे असतात, पण तो कोणी बनवला ते कोपऱ्यात क्वचितच असतं. म्हणून कोणाला लाज वाटत नाही. आरूंचं नाव लोकांना माहीत नाही म्हणून तूच मघाशी हळहळलीस. मग?

भाची : त्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरं सांगायचं तर फॉन्टच्या फाइलमध्येही एक रकाना असतो, करणाऱ्याच्या नावाचा. मी तो भरते.

मामा : म्हणजे सही तूही करतेस, फक्त कोणाला दिसणार नाही अशी.

भाची : शोधणाऱ्याला सापडते.

मामा : मग माझी पण तशीच समज. फरक एवढाच की माझी शोधायला कॉम्प्युटर लागत नाही.

भाची : ठीक आहे, दोन बोटं. पण नावाच्या आधी बोर्ड रंगवल्याचा महिना आणि वर्ष घाला. ते वाचणाऱ्याच्या कामाचं आहे. दोन पावसाळे गेले की तो तपासायला हवा, हे कोणालाही कळेल.

मामा : महिना, वर्ष, मग नाव. हा क्रम मला मान्य आहे.